दिल्लीला निघण्याआधी इंदूरच्या न्यायालयात बसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर वर्षी उन्हाळा सरता सरता पदवीचे आणि प्रवेश परीक्षांचे निकाल लागू लागले, की रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला बोलावणे येते. घरातल्या मुलीला किंवा मुलाला वकील व्हायचे असते, त्यासाठी दिल्लीत शिकायचे असते, आणि मी दिल्ली विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेतून तीन वर्षांची एलएल.बी. करून इंदूरला परतलेली असल्यामुळे आईवडिलांना माझ्याशी बोलायचे असते. राहायचे कुठे, खर्च किती येतो, मुलगी एकटी राहू शकेल ना, पुढे नोकरीचे काय, असे प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे मी जमेल तशी देते. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आजवर एकाही घरात निघालेला नाही. दिल्लीच्या गाडीत बसण्याआधी या मुलाने आपल्या गावचे न्यायालय आतून पाहिले आहे का, तिथला एखादा कागद हातात घेऊन वाचला आहे का, हा तो प्रश्न. तो चारचौघांसमोर मांडावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमा असावी.

आधी हे स्पष्ट करते, की मुलांना दिल्लीला पाठवू नका असे मला मुळीच म्हणायचे नाही. दिल्ली विद्यापीठाची विधी विद्याशाखा १९२४ सालची आहे. कॅम्पस लॉ सेंटर, लॉ सेंटर एक आणि लॉ सेंटर दोन अशी तिची तीन केंद्रे आहेत, आणि माजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी कॅम्पस लॉ सेंटरमधूनच १९८२ मध्ये एलएल.बी. केली. पदवीनंतरच्या या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आता सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो, तर बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम तिथे २०२३ पासून सुरू झाला असून त्यासाठी क्लॅट ही कायद्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची फी लाखांत जाते. तिच्या तुलनेत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची दिल्ली विद्यापीठातली फी मध्यमवर्गीय घराला पेलण्यासारखी आहे. खरा खर्च राहण्या-जेवण्याचा. विद्यापीठाजवळच्या कमलानगर किंवा विजयनगरमध्ये दोघी-तिघींनी मिळून खोली घेतली तरी महिन्याचे गणित जमवताना घरच्यांची ओढाताण होते, हे मी माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर वाचले आहे.

तरीही ती तीन वर्षे मी कशाशीही बदलणार नाही. विश्वविद्यालय स्थानकावरून मेट्रोने तिसऱ्या स्थानकावर, कश्मीरी गेटला उतरून गाडी बदलली, की पुढचेच स्थानक तीस हजारी. तिथे जिल्हा न्यायालयाची ती अफाट इमारत उभी आहे. तीच पहिली गाडी न सोडता राजीव चौकापर्यंत गेले आणि तिथून निळ्या मार्गाने निघाले, तर तिसरे स्थानक सर्वोच्च न्यायालयाचे. वर्गात सकाळी वाचलेल्या कलमावर दुपारी प्रत्यक्ष युक्तिवाद ऐकायला मिळावा, ही सोय देशात दुसऱ्या कुठल्या गावात आहे? पहिल्यांदा प्रवेशपत्र घेऊन सर्वोच्च न्यायालयात मागच्या बाजूला उभी राहिले, तेव्हा पुढे चाललेल्या बोलण्यातले निम्मे मला कळले नव्हते. न्यायमूर्तींनी एका वाक्यात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना एक नावाजलेले ज्येष्ठ वकील क्षणभर थांबले, त्यांनी मागे बसलेल्या कनिष्ठाकडे हात केला आणि त्या मुलीने नेमके पान त्यांच्या हातात ठेवले. मला त्या दिवशी ज्येष्ठ वकिलांपेक्षा ती मुलगी व्हावेसे वाटले.

तिथले शिकवणे केस मेथडचे असते, म्हणजे प्रत्येक विषयाची सुरुवात निकालपत्रांपासून. सत्र सुरू झाले की विद्यापीठाजवळच्या पटेल चेस्ट भागातल्या झेरॉक्सच्या दुकानांतून केस मटेरिअलचे जाडजूड गठ्ठे आणायचे, त्यांतली निकालपत्रे वाचायची आणि वर्गात शिक्षक विचारतील त्याला तोंड द्यायचे. या पद्धतीने डोके तयार होते यात शंका नाही. दोन निकालांतला बारीक फरक दिसू लागतो, न्यायमूर्तींनी टाळलेला मुद्दाही दिसू लागतो. मात्र ही निकालपत्रे जवळजवळ सगळी उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाची असतात. खटला तिथे पोचेपर्यंत त्याची माती धुऊन गेलेली असते.

हे मला ज्या दिवशी उमगले तो प्रसंग सांगते. कौटुंबिक कायद्याच्या तासाला शाहबानो या घटस्फोटित मुस्लिम स्त्रीच्या पोटगीचे गाजलेले प्रकरण होते. मी इंदूरची आहे हे कळल्यावर शिक्षकांनी मलाच उभे केले, कारण ते प्रकरण आपल्या गावचे. मी तयारी करून गेले होते आणि घडाघडा सांगत सुटले. लग्न १९३२ चे, तीन मुलगे आणि दोन मुली, पती स्वतः वकील. १९७५ मध्ये शाहबानोंना घराबाहेर काढण्यात आले. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी इंदूरच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली दरमहा ५०० रुपयांच्या पोटगीसाठी अर्ज केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पतीने तलाक दिला. ऑगस्ट १९७९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी दरमहा २५ रुपये मंजूर केले, जुलै १९८० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि पतीचे अपील २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पाच सदस्यांच्या पीठाने फेटाळले. इथपर्यंत वर्ग माझ्यावर खूश होता. मग शिक्षकांनी शांतपणे विचारले, की अर्जात पतीचे उत्पन्न वर्षाला सुमारे ६०,००० रुपये असल्याचे म्हटलेले असताना दंडाधिकाऱ्यांनी २५ रुपयेच का ठरवले असतील? उत्पन्नाचा काय पुरावा त्यांच्यासमोर आला असेल, आणि काय आला नसेल?

मी गप्प उभी राहिले. निकालपत्रात ते नव्हतेच. त्यात २५ रुपयांचा उल्लेख जेमतेम एका वाक्याचा आहे. ज्या कागदांवरून तो आकडा निघाला, ते कागद माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर असलेल्या न्यायालयात तयार झाले होते, आणि त्या न्यायालयाची पायरी मी आयुष्यात एकदाही चढले नव्हते. वडील बँकेत, आई शिक्षिका, घराण्यात कधी कोणी दावा लढवलेला नाही. ‘कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपल्याकडे शहाणपण म्हणूनच शिकवतात, आणि तेच घर मुलीला वकील करायला निघते, ही विसंगती तोवर माझ्या लक्षातही आली नव्हती.

पदवी घेऊन परत आले आणि एका ज्येष्ठ वकिलांकडे कामाला लागले, तेव्हा त्या अज्ञानाची किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागली. पोटगीच्या एका अर्जाचे काम माझ्याकडे सोपवले होते. पक्षकार साठीच्या पुढची बाई होती आणि देवासकडच्या एका खेड्यातून बसने येत असे. पहिल्या तारखेची आदेशपत्रिका, म्हणजे त्या दिवशीचा आदेश नोंदवलेला कागद, मी वाचली. हिंदीतल्या तीन ओळी, घाईच्या अक्षरात. ‘तलवाना अदा होने पर अनावेदक को सूचना-पत्र जारी हो’ हे शब्द मला वाचता आले, अर्थ कळला असे वाटले, आणि मी फाइल बंद केली. तलवाना म्हणजे नोटीस किंवा समन्स बजावण्यासाठी भरायचे शुल्क. ते आपण भरायचे असते, आणि भरल्याशिवाय कागद टेबलावरून हलत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नाही. दीड महिन्यानंतर ती बाई पुन्हा पहाटेची बस पकडून आली, तेव्हा नवऱ्याला नोटीसच गेलेली नव्हती. पुढची तारीख आणखी दीड महिन्याने पडली. तिने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. पिशवीतून आणलेले पेरू माझ्या टेबलावर ठेवले आणि ती निघून गेली. न्यायालयाने देखभालीची व्याख्या कधी आणि कशी विस्तारली हे मला दिल्लीत तोंडपाठ होते; पण त्या बाईचे तीन महिने माझ्यामुळे गेले.

त्यानंतर माझे खरे शिक्षण आमच्या मुंशीजींनी, म्हणजे ज्येष्ठ वकिलांच्या कारकुनांनी केले. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यायचे असते; नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी तसे बंधन घातले. तो निकाल मी दिल्लीत वाचला होता, त्यातले तक्ते पाहिले होते. पण ज्या नवऱ्याकडे पगाराची पावती नाही, ज्याची सगळी कमाई रोख आहे, त्याचे उत्पन्न दाखवायचे कसे? मुंशीजींनी मला समोर बसवून बाईला एकेक प्रश्न विचारायला लावला. मोटारसायकल कर्जावर घेतली का, हप्ता किती, कुठल्या बँकेचा? विजेचे बिल कोणाच्या नावावर येते? धाकट्या नातवाच्या शाळेची फी कोण भरते, आणि पावतीवर नाव कोणाचे? घराला नवा मजला कधी चढला? बाई आधी अडखळत होती, मग एकेक सांगत गेली, आणि तासाभरात ज्याला काही कमाईच नाही असे म्हटले जात होते त्या माणसाचे महिन्याचे गणित कागदावर उभे राहिले. दिल्लीच्या त्या तासाला मला जे उत्तर देता आले नव्हते, ते मला तिथे सापडले. आकडा निकालपत्रात ठरत नाही. तो पहिल्या न्यायालयात, शपथपत्रे आणि उलटतपासणी यांतून ठरतो, आणि पहिल्या वकिलाने विचारले नाही ते पुढे पाच न्यायमूर्तींनाही दिसत नाही.

भाषेचा मुद्दाही याच ठिकाणी येतो, आणि तो आपल्या मराठी घरांच्या दृष्टीने विशेष आहे. दिल्लीत सगळा अभ्यास इंग्रजीत. इंदूरच्या जिल्हा न्यायालयात अर्ज, साक्ष, आदेश हिंदीत. मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयातही संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मधील तरतुदीनुसार १९७१ पासून हिंदीला मुभा आहे. घरी मात्र आपण मराठी बोलतो. आपण पोटगी म्हणतो, न्यायालयाच्या कागदावर ‘भरण-पोषण’ येते आणि निकालपत्रात ‘मेंटेनन्स’. पोटगी या शब्दात पोट आहे. तो उच्चारला की हा हक्क कशासाठी आहे ते वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या मुलांना या तीनही भाषा येतात, दोन्ही देवनागरीतल्या भाषा ती लहानपणापासून वाचतात, आणि ही मोठी शिदोरी आहे. पण वाचता येणे आणि न्यायालयाची भाषा येणे यांत माझ्या तलवान्याएवढे अंतर असते. परिवाद, जवाबदावा, मुचलका, नकल, पेशी हे शब्द कोशात पाहून उपयोग नाही. ते कागदावर कुठे येतात आणि आल्यावर काय करायचे, हे पाहावे लागते. एक गोष्ट सहज आठवली म्हणून नोंदवते. इथल्या जुन्या वाड्यांच्या वाटणीच्या दाव्यांत कधीमधी होळकरकाळातला मोडी कागद निघतो, आणि तो वाचून दाखवणारे हात आता फार थोडे उरले आहेत. कायदा शिकायला निघालेल्या एखाद्या मराठी मुलाने मोडी शिकून घेतली, तर इंदूरच्या न्यायालयात त्याला मान मिळेल.

आता प्रश्न असा, की हे शिकायचे केव्हा? अभ्यासक्रमात याची सोय नाही असे नाही. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या विद्यार्थ्याला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या विद्यार्थ्याला किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते, आणि त्यात खालच्या न्यायालयात खटले चालवणारे वकील आणि अपिले चालवणारे वकील या दोघांकडेही किमान एकदा काम झाले पाहिजे असे म्हटलेले आहे. एक दिवाणी आणि एक फौजदारी, अशा दोन खटल्यांचे कामकाज पाहून त्यांची नोंदवही ठेवण्यालाही गुण आहेत. प्रत्यक्षात काय होते ते मी पाहिले आहे आणि केलेही आहे. सगळ्यांची धाव सर्वोच्च न्यायालयातल्या वकिलांकडे किंवा मोठ्या लॉ फर्मकडे असते, कारण पुढच्या अर्जात ते नाव शोभते. खटल्याची नोंदवही मात्र वसतिगृहात आदल्या रात्री मैत्रिणीच्या वहीवरून उतरते. माझ्या वहीतल्या फौजदारी खटल्यात साक्षीदाराची उलटतपासणी मी अगदी बारकाईने वर्णिली होती, आणि तो साक्षीदार मी पाहिलेलाही नव्हता. ते पूर्ण गुण मिळालेले पान मी अजून जपून ठेवले आहे, कारण ते पाहिले की मला पेरू आठवतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आल्यावर शिकू म्हणावे, तर मे-जूनमध्ये जिल्हा न्यायालयातले दिवाणी कामकाज सुट्टीमुळे थंडावलेले असते. म्हणूनच मी पालकांना आग्रहाने सांगते, की पदवीची परीक्षा संपल्यापासून दिल्लीचे वर्ग सुरू होईपर्यंत जो काळ हाती असतो, त्यातले न्यायालय उघडल्यानंतरचे निदान चार आठवडे मुलाला इथेच एखाद्या वकिलाबरोबर रोज बसवावे. नुसते मागे उभे राहण्यासाठी नव्हे. सकाळी फाइल लावणे, खटल्यांच्या यादीत आपला क्रमांक शोधणे, आदेशपत्रिकेतल्या ओळी स्वतः उतरवून घेणे, नकलेसाठी, म्हणजे कागदाच्या प्रतीसाठी, अर्ज लिहिणे, पक्षकाराशी बोलणे, एवढे त्याच्याकडून करून घ्यावे. मग हेच मूल दिल्लीत निकालपत्र उघडेल तेव्हा पहिल्या परिच्छेदातल्या एका वाक्यामागे किती कागद आहेत ते त्याला दिसेल, आणि मी गप्प उभी राहिले तिथे ते बोलेल. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी भोपाळच्या राष्ट्रीय विधी संस्थान विद्यापीठात जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. राजधानी बदलली तरी खटला खालूनच वर जातो.

यासाठी दारे उघडायची आहेत ती इंदूरच्या ज्येष्ठ वकिलांनी. मराठी ज्येष्ठांना मी विशेष विनंती करते, कारण आपल्याकडे येणाऱ्या मुलांना ओळख नसते आणि ओळखीशिवाय वकिलाच्या दालनात पाऊल टाकण्याचा धीर होत नाही. आणखी एक गोष्ट पैशांची, ती संकोच न ठेवता लिहिते. पहिल्या वर्षी मला महिन्याला जे मिळत असे त्यात गाडीचे पेट्रोल भागे, बाकी सगळे घरून. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली आहे. ती शिफारसच आहे, सक्ती नाही, आणि प्रत्येकाला तेवढे देणे झेपणार नाही हेही मी जाणते. पण २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. न्यायाधीश होण्याचे स्वप्न घेऊन परतणाऱ्या मुलीला आता तीन वर्षे कोणाच्या तरी हाताखाली काढावीच लागतील. ती फुकट काढणे ज्यांना परवडते त्यांच्याच मुली उद्या न्यायासनावर बसणार का, याचा विचार आपल्या वकील मंडळींनी करावा. दिल्लीत शिकलेली मुले परत येत नाहीत अशी तक्रार मी समारंभांतून ऐकते. माझ्या वर्गातल्या ज्या मुली परत गेल्या नाहीत त्यांच्यापैकी बहुतेकींनी मला कारण म्हणून हाच हिशोब सांगितला.

त्या देवासकडच्या बाईच्या प्रकरणात अंतरिम पोटगी मंजूर झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या वर उल्लेखिलेल्या निकालामुळे ती अर्जाच्या तारखेपासून धरली गेली, त्यामुळे माझ्या चुकीने गेलेल्या महिन्यांची रक्कम तरी तिला मिळाली. १ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. अर्जांच्या शीर्षकातला आकडा बदलला, पण खाली लिहायची माहिती तीच आहे आणि ती विचारण्याची रीतही तीच.

येत्या जुलैत मी स्वतः दोन विद्यार्थ्यांना चार आठवडे सोबत घेणार आहे. दिल्लीला किंवा भोपाळला निघालेली, इंदूरची, हिंदी अक्षर वाचण्याची तयारी असलेली कोणतीही मुले चालतील. वकिलाच्या घरातली नसली तर अधिक चांगले. त्यांनी आपल्या कार्यालयात नाव आणि दूरध्वनी क्रमांक ठेवल्यास ते माझ्यापर्यंत पोचवावेत, अशी आपल्याला विनंती आहे. सकाळी साडेदहाला जिल्हा न्यायालयाच्या फाटकाशी भेटू. सोबत फक्त एक वही आणि पेन आणावे. तलवाना कुठे भरतात, ते मी पहिल्याच दिवशी दाखवीन.

आपली विश्वासू,
एक वकील, इंदूर
(पक्षकाराची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)